लक्षद्वीप समजून घ्यायचंय तर आधी तिथल्या विहिरीत डोकावा

प्रश्न दोन आहेत. लक्षद्वीपचा भूगोल, तिथली संस्कृती आणि अर्थव्यवस्था नेमकी कशी आहे, हा पहिला. आणि निळं पाणी, पांढरी वाळू सगळं असताना तिथे मालदीवसारखं पर्यटन का उभं राहिलं नाही, हा दुसरा. मी भूजलाच्या कामातला माणूस, या बेटांवर विहिरी मोजायला, पाण्याचा खारेपणा तपासायला बरीच वर्षं जातोय, त्यामुळे माझं उत्तर पाण्यापासून सुरू होणार. पण ते फक्त माझ्या कामामुळे नाही, तिथलं घर, लग्न, मासेमारी, नोकरी, काहीही घ्या, मागे मागे जात राहिलात की शेवटी एक विहीर आणि एक प्रवाळाची भिंत या दोनच गोष्टींपाशी येऊन थांबता, असं मला खरंच वाटतं.

आधी आकडे सांगून टाकतो म्हणजे डोक्यात चित्र बसेल. एकूण ३६ बेटं मोजली जातात, वस्ती फक्त १० वर. अगत्ती, अमिनी, आंद्रोत, बित्रा, चेतलत, कदमत, कल्पेनी, कवरत्ती, किल्तान आणि मिनिकॉय. सगळी जमीन मिळून साधारण ३२ चौरस किलोमीटर. नाव 'लक्ष' द्वीप पण जमीन एवढीच, देशातला सगळ्यात छोटा केंद्रशासित प्रदेश. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर, म्हणजे घनता चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त. लोक ऐकून दचकतात कारण फोटोत तर सगळं रिकामं दिसतं. रिकामी असतात ती वस्ती नसलेली बेटं, फोटो त्यांचेच जास्त निघतात. आता याच्या उलट बाजू बघा, या ३२ चौरस किलोमीटरभोवती लगून, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतलं शांत उथळ पाणी, तेच ४,२०० चौरस किलोमीटरचं आहे, आणि या बेटांमुळे भारताला जे अनन्य आर्थिक क्षेत्र मिळतं, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर आपलाच हक्क, ते सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर समुद्राचं. म्हणजे इथला माणूस राहतो चिमूटभर जमिनीवर आणि जगतो समुद्रावर.

ही बेटं झाली कशी, हे आपल्या मराठी लोकांना तर मी आवर्जून सांगतो, कारण त्याचं नातं थेट आपल्या सह्याद्रीशी आहे. आपला काळा कातळ, तो दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून वर आला तो स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. स्रोत जवळपास जागच्या जागी, वरून भारताचं भूखंड उत्तरेकडे सरकत गेलं, आणि मागे ज्वालामुखींची एक लांबलचक रांग समुद्रात उरली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही सगळी त्या एकाच रांगेवर बसलेली. ज्वालामुखी हळूहळू खचत खाली गेले, त्यांच्या कडेने वाढणारं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर वाढत राहिलं, आणि शेवटी डोंगर बुडाला पण त्याच्या भोवतीचं कडं तेवढं पाण्याच्या पातळीला शिल्लक राहिलं. यालाच आपण कंकणद्वीप म्हणतो. डार्विनने १८४२ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं होतं, आणि मुळात ते आजही टिकून आहे. तेव्हा रायगडाच्या पायऱ्या चढताना पायाखाली जो दगड असतो, त्याच गोष्टीचं पुढचं पान कवरत्तीच्या वाळूखाली खोल दडलंय. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो.

नकाशा नीट बघितलात तर एक गोष्ट लक्षात येईल. बहुतेक बेटं त्या कड्याच्या पूर्व बाजूला आहेत आणि लगून पश्चिमेला. नैर्ऋत्येच्या पावसाळ्यात लाटांचा सगळा मारा पश्चिमेकडून येतो, तो बाहेरच्या प्रवाळकड्यावर फुटतो, मोडलेलं प्रवाळ आणि वाळू आत ढकलली जाते आणि पूर्वेच्या कडेला साठते. ती साठलेली वाळू म्हणजेच बेट. म्हणजे बेटाची माती अशी काही नाहीच, आहे ती प्रवाळाची, शिंपल्यांची, चुनखडी शैवालाची भुकटी. आंद्रोत तेवढं वेगळं, ते पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे, सगळ्यात मोठं, जवळपास ५ चौरस किलोमीटरचं, आणि त्याला लगून जवळजवळ नाहीच. बित्रा सगळ्यात लहान वस्तीचं बेट, एका चौरस किलोमीटरच्या एक दशांशाएवढं, २०११ मध्ये तिथे तीनशेपेक्षाही कमी माणसं होती. उंची म्हणाल तर कुठेही समुद्रापासून काही मीटरच, डोंगर नाही, टेकडी नाही, ओढा नाही, नदी नाही.

मग पाणी कुठून येतं. पाऊस वर्षाला साधारण १,५०० ते १,६०० मिलिमीटर पडतो, तो वाळूतून सरळ खाली झिरपतो. खाली समुद्राचं खारं पाणी आहेच, कारण प्रवाळाचा दगड स्पंजसारखा सच्छिद्र, समुद्र बेटाच्या पोटातूनही वाहतोच. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहतं, भिंगासारख्या आकारात, मध्ये जाड आणि कडेला पातळ. आमच्या विषयातला एक जुना नियम आहे, समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली ४० फूट असायला हवं. पण हा नियम कागदावरचा. कंकणद्वीपावर भरती-ओहोटीने वरखाली घुसळण होत राहते, गोडं-खारं मिसळतं, त्यामुळे प्रत्यक्षात भिंग त्यापेक्षा खूप पातळ निघतं. विहिरी अगदी उथळ, काही ठिकाणी नुसतं वाकून कळशी भरता येते, आणि विहिरीतलं पाणी भरतीबरोबर चढतं नि ओहोटीबरोबर उतरतं. कोकणातल्या विहिरींची सवय असलेल्या माणसाला हे बघून फार गंमत वाटते, काठावर तासभर बसलात तर डोळ्यांसमोर पातळी हलते.

आता इथे खरी मेख आहे. हाताने पोहरा टाकून पाणी काढलं तर वरचा थर तेवढा उचलला जातो, पाऊस पडला की परत भरतो, हे शेकडो वर्षं चाललं. मोटर लावली की मोटरच्या खाली खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. एका बेटावर एका घरी मी विहीर तपासायला गेलो होतो, सुंदर जुनी गोल विहीर, प्रवाळाच्या दगडात बांधलेली, आजी सांगत होती की तिच्या लहानपणी आख्खी वाडी हिचंच पाणी प्यायची. नवीन घर झालं, गच्चीवर टाकी आली, मोटर बसली, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झालं. मी मीटर बुडवला, आकडा बघितला, आणि आजीला काय सांगावं कळेना. मोटर बंद करा म्हणणं सोपं आहे हो, पण वरच्या मजल्यावर कळशा कोण नेणार. आणि दुसरा त्रास शौचालयाच्या टाक्यांचा. वाळूत सगळं झिरपतं, विहीर आणि टाकी एकाच छोट्या आवारात, त्यामुळे पाणी गोडं असलं तरी पिण्यालायक असेलच असं नाही. बेटावर घरं वाढली की हे अंतर कमी कमी होत जातं, आणि यावर उपाय म्हणून कितीही खोल बोअर मारलात तरी खाली समुद्रच आहे.

म्हणून या बेटांवरचा एक मोठा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट उभारला, रोज १ लाख लिटरचा. यात पाण्यातलं मीठ गाळून काढणारे पातळ पडदे नाहीत, रसायनं नाहीत. वरचं समुद्राचं पाणी असतं साधारण २८ अंशांचं, ते निर्वात टाकीत सोडलं की कमी दाबामुळे त्यातलं थोडं तेवढ्या तापमानालाच वाफ होतं. मग साडेतीनशे मीटर खोलीवरून एका लांब पाइपने १२-१३ अंशांचं थंड पाणी वर ओढतात आणि त्याने ती वाफ गार करतात, झालं गोडं पाणी. मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर हे इतकं सोपं नाही कारण तिथे एवढी खोली गाठायला किती किलोमीटर आत जावं लागेल, इथे मात्र प्रवाळकड्याबाहेर समुद्र लगेचच खोल होतो. म्हणजे ज्या भूगोलामुळे पाण्याची टंचाई आहे, त्याच भूगोलाने हा मार्गही दिलाय. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला असेच प्लांट झाले, नंतर आणखी बेटांवर. अडचण विजेची. ही बेटं मुख्यतः डिझेलच्या जनरेटरवर चालतात, डिझेल येतं जहाजाने, मग हंडाभर पाण्यामागे किती डिझेल जळतं हा हिशोब कोणालाच टाळता येत नाही. सौरऊर्जा आहे पण पॅनल लावायलाही जागा लागते, आणि जागा तर मघाशी सांगितली तेवढीच.

जागेवरून थेट कुटुंबाकडे येतो, कारण मला वाटतं इथली समाजरचना जागेशिवाय समजत नाही. लोकसंख्येत ९६ टक्क्यांहून जास्त मुसलमान, आणि कुटुंबपद्धती मात्र मातृवंशीय. दोन्ही एकत्र ऐकून बऱ्याच जणांना खोटं वाटतं. घर म्हणजे तरवाड, ते आईकडून मुलीकडे जातं. जुन्या पद्धतीत लग्नानंतर मुलगी कुठेच जायची नाही, नवरा दिवसभर आपल्या आईच्या घरी राहायचा, काम करायचा, आणि रात्री बायकोच्या घरी यायचा. मुलं आईच्या घरची. मालमत्तेचेही दोन प्रकार आणि नावं किती छान बघा, तरवाडाची सामाईक मालमत्ता ती 'शुक्रवारची', ती वाटायची नाही, आईच्या वंशातून चालत राहणार, आणि माणसाने स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', ती इस्लामी वारसाहक्काप्रमाणे मुलाबाळांत वाटता येते. शरियतही सांभाळली आणि आजीचं घरही. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९६० च्या दशकात कल्पेनीवरच्या याच गुंतागुंतीचा अभ्यास केला, तो आजही आधार म्हणून घेतला जातो.

माझं स्वतःचं मत असं की न वाटायच्या मालमत्तेमागे श्रद्धा, परंपरा आहेच पण व्यवहारही आहे. २० माडांची वाडी आणि एक विहीर, तिचे ४ पिढ्यांत १६ तुकडे केले तर कोणालाच काही उरणार नाही, विहिरीचे तुकडे तर होतच नाहीत. आज तरवाड मोडतायत, नवरा-बायको-मुलं असं वेगळं घर बांधतात, प्रत्येक घराची वेगळी विहीर, वेगळी मोटर, वेगळी टाकी. कोणाला कसं राहायचंय ते त्यांनी ठरवावं, मी त्यात बोलणारा कोण, पण भूजलाच्या नकाशावर हा बदल मला स्पष्ट दिसतो एवढं नक्की. बाकी समाजात जुने थरही होते, कोया म्हणजे जमीनदार आणि ओडमचे मालक, माल्मी म्हणजे दर्यावर्दी, मेलाच्चेरी म्हणजे माडावर चढणारे. ओडम म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज. शिक्षण आणि नोकऱ्या आल्यापासून हे थर बरेच सैल झालेत. इथले मूळ रहिवासी, ज्यांचे आईवडील दोघंही बेटांवर जन्मलेले, ते अनुसूचित जमातीत मोडतात, आणि बाहेरच्या माणसाला इथे जमीन विकत घेता येत नाही.

भाषा मल्याळमची एक जुनी बोली, जेसरी. मिनिकॉय सोडून. मिनिकॉय हे एक वेगळंच जग आहे, बाकीच्या बेटांपासून जवळपास २०० किलोमीटर दक्षिणेला, मध्ये नऊ अंश खाडी, म्हणजे नऊ अंश अक्षांशाजवळचा खोल समुद्राचा रुंद पट्टा, आणि पलीकडे आठ अंश खाडी ओलांडली की मालदीव. तिथे बोलतात महल, म्हणजे मालदीवची धिवेहीच, लिहितात थाना लिपीत, उजवीकडून डावीकडे. गावं ११, प्रत्येक गावाचा एक पुरुष प्रमुख, बोडुकाका, आणि एक स्त्री प्रमुख, बोडुदाता. गावाचं सामाईक घर असतं, तिथे सभा, जेवणावळी, पाहुणचार, आणि गावाची शर्यतीची लांबलचक होडी, जहाधोनी, जी इतकी चकचकीत ठेवलेली असते की हात लावायला संकोच वाटतो. १८८५ चं दीपगृह अजून उभं आहे. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी, त्यामुळे गाव चालवतात बायका, आणि एखाद्या म्हाताऱ्याशी बोलायला बसलात तर रॉटरडॅमपासून योकोहामापर्यंत सगळी बंदरं निघतात. मी मिनिकॉयला पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांच्या विहिरी मोजायच्या होत्या त्या घरांत दाराशी बोलायला, कागदावर सही करायला, पाण्याबद्दल तक्रार सांगायला सगळीकडे बायकाच पुढे होत्या.

पैशाचं बोलायचं तर शेकडो वर्षं इथलं चलन नारळच होता म्हणा ना. भात पिकत नाही, कधीच पिकणार नाही. मग काथ्या द्यायचा आणि तांदूळ घ्यायचा. कण्णूरच्या अरक्कल घराण्याची, अली राजांची इथे सत्ता होती आणि काथ्यावर त्यांची मक्तेदारी, ते ठरवतील तो भाव. बायका लगूनच्या कडेला वाळूत सोडणं पुरून कुजवायच्या, महिनोन्‌महिने, मग कुटून दोर वळायच्या, पुरुष ओडम भरून मलबारला न्यायचे आणि तांदळाची पोती घेऊन यायचे. भावात मार खाल्ला की घरात उपास. अमिनीकडची उत्तरेची बेटं अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाकडे गेली, श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये इंग्रजांकडे, दक्षिणेची बेटं मात्र अरक्कलकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला, कारभार आधी कोझिकोडहून, १९६४ पासून कवरत्तीहून, आणि लक्षद्वीप हे नाव १९७३ चं.

माड आजही सगळीकडे आहेत, बेट लांबून दिसतं तेच मुळी हिरव्या झावळ्यांच्या रेघेसारखं. खोबरं, तेल, नीरेपासून गूळ आणि सिरका. पण वाड्या दाट आणि म्हाताऱ्या झाल्यात, उंदीर भयंकर, कोवळे नारळ झाडावरच पोखरतात, आणि माडावर चढणारा माणूस मिळत नाही, ही तक्रार तर कोकणातही ऐकू येतेच. शिवाय गळून पडलेले नारळ गोळा करून, खोबरं वाळवून, जहाजावर चढवून विकायचं तर भाड्यातच बराच नफा जातो.

खरी बाजी आता टुनावर आहे, आपल्याकडे कुप्पा म्हणतात तो. यातही मुख्य जात स्किपजॅक. आणि तो पकडायची पद्धत बघायला मिळाली तर सोडू नका. पहाटे आधी लगूनमध्ये जायचं, जाळ्याने बोटभर लांबीची छोटी मासळी पकडायची, हिला चाळा म्हणतात, ही जिवंत ठेवायची, होडीच्या पोटात एक हौद असतो ज्याला भोकं असतात, त्यातून समुद्राचं पाणी खेळतं राहतं. मग बाहेर खोल समुद्रात पक्ष्यांचे थवे शोधायचे, पक्षी दिसले की खाली कुप्प्याचा कळप. मूठमूठ चाळा उधळायचा, होडीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे मारायचे म्हणजे पाण्यावर खळबळ दिसते आणि माशाला वाटतं खाऊच खाऊ, आणि मग ५-६ माणसं लांब काठ्यांना बिनकाट्याचे गळ लावून एकेक मासा उचलून मागे फेकतात. गळाला उलटा काटा नसल्याने मासा होडीत आपटतो तसा सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात. कळप भेटला तर काही मिनिटांत होडी भरते. जाळ्यात कासव, डॉल्फिन अडकायचा प्रश्नच नाही, एक काठी एक मासा. ही मूळची मिनिकॉयची विद्या, १९६० च्या दशकात यांत्रिक होड्या आल्या आणि मत्स्य खात्याने ती बाकीच्या बेटांवरही रुजवली, आता अगत्तीची माणसंही यात पटाईत आहेत.

बर्फ आणि शीतगृह अपुरं, मग एवढ्या माशाचं करायचं काय, तर 'मास', म्हणजे टिकाऊ सुका टुना. मिनिकॉयमध्ये माशाचे लांब तुकडे खाऱ्या पाण्यात उकळतात, नारळाच्या सोडणाच्या धुरावर धरतात, मग उन्हात वाळवतात, असं करत करत तो लाकडासारखा टणक होतो. वर्षभर टिकतो, किसून खोबऱ्याबरोबर, चटणीत, भातावर. श्रीलंकेत याला मोठी मागणी. उकळलेलं पाणीही टाकत नाहीत, आटवून आटवून त्याचा काळपट घट्ट लगदा करतात, बोटावर मावेल एवढा घेतला तरी भाताला पुरतो. मला पहिल्या वेळी वासच सहन झाला नव्हता, आता येताना दोन बाटल्या आणतो.

पण इथे परत तीच साखळी लक्षात घ्या. कुप्पा खोल समुद्रातला, पण तो पकडायला लागणारा चाळा लगूनमधला, आणि त्यातल्या बऱ्याच जाती फांद्यांच्या प्रवाळात लपून जगणाऱ्या. प्रवाळ मेलं की चाळा कमी, चाळा कमी की होडी बंदरातच. आणि प्रवाळ मरतंय. १९९८ मध्ये एल निनोच्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि मोठं ब्लीचिंग झालं, मग २०१०, मग २०१६, मग २०२४. प्रवाळाच्या आत राहणारं शैवाल तापमान वाढलं की बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं होतं, आणि उष्णता टिकली तर मरतं. मधल्या वर्षांत सावरतं पण दोन तडाख्यांतलं अंतर कमी होत चाललंय. मी कवरत्तीच्या लगूनमध्ये ज्या जागी २०१६ च्या आधी पोहायचो तिथे नंतर उतरलो तेव्हा खाली राखाडी शेवाळलेल्या फांद्यांचा चुरा होता. त्या दिवशी मी नोंदवही काढलीच नाही.

आणि ही फक्त माशांची गोष्ट नाही. बाहेरचा प्रवाळकडा लाटा फोडतो म्हणून बेट आहे, आणि बेटाची वाळूही प्रवाळच पुरवतं. बंगारमजवळच्या परळी बेटांपैकी एक पूर्ण झिजून नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपलं. लाट बेटावरून गेली की समुद्राचं पाणी विहिरीत जातं, आणि तो खारेपणा धुवून निघायला पुढचे किती पाऊस लागतील हे बेटाच्या रुंदीवर अवलंबून. काँक्रीटचे टेट्रापॉड रचलेत किनाऱ्याला, एका जागी वाळू थांबते आणि शेजारच्या जागी खचते, लोकांना हे आपोआप माहीत आहे, कोणी शिकवावं लागत नाही.

दळणवळणाचं थोडक्यात. विमानतळ एकच, अगत्तीला, १९८८ पासून, बेटाच्या दक्षिण टोकाला, धावपट्टी इतकी आखूड की एटीआरसारखी छोटी विमानंच उतरतात आणि खिडकीतून दोन्ही बाजूंना पाणीच दिसतं. बाकी सगळं कोचीहून जहाजाने, बेटाप्रमाणे १४ ते २० तास. जहाज बहुतेक ठिकाणी बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं, म्हाताऱ्या, तान्ही बाळं, बकऱ्या, सिलिंडर सगळं छोट्या होडीत उतरवतात. पावसाळ्यात १५ मे ते १५ सप्टेंबर लहान जहाजांना बंदी, तेव्हा बेपूर, मंगळूरहून येणारे उरू, म्हणजे लाकडी मालवाहू गलबतं, बंद, भाजीपाला तुटपुंजा. गंभीर आजारी माणसाला हेलिकॉप्टर, हवा चांगली असेल तर. समुद्राखालची इंटरनेट केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्याआधी उपग्रहावर सगळं, एक ईमेल पाठवायला मी अर्धा तास बसलोय. रोजगारात सरकारी नोकरीचा वाटा फार मोठा, खरं सांगायचं तर घरात एक सरकारी पगार आणि एक होडी असेल तर ते कुटुंब निवांत.

आता मालदीव. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यानंतर सगळा देश एकदम लक्षद्वीप शोधायला लागला, मलाही ओळखीच्या २०-२५ जणांचे फोन आले. तुलना करायची तर करू. मालदीवकडे ११०० हून जास्त बेटं आणि जवळपास ३०० चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे आपल्या नऊपट. १९७२ मध्ये त्यांनी पहिलं रिसॉर्ट उघडलं, आणि पद्धत ठेवली एक बेट एक रिसॉर्ट, वस्तीची बेटं वेगळी, पर्यटकांची वेगळी, आज दीडशेहून जास्त रिसॉर्ट आहेत. लक्षद्वीपमध्ये वस्ती नसलेली आणि पर्यटनाला चालतील अशी बेटं किती? बंगारम, तिन्नकरा, सुहेली, अशी हाताच्या बोटांवर. त्यातल्या सुहेलीवर कवरत्तीचे मच्छीमार हंगामात जाऊन राहतात, मास करतात, नारळ गोळा करतात, ती त्यांना मोकळी जागा वाटत नाही, ते त्यांचं शेत आहे. दारूबंदी आहे, बंगारम सोडून. परमिट लागतं बाहेरच्या प्रत्येकाला, १९६७ च्या नियमांप्रमाणे, आणि ते लोकांच्या संरक्षणासाठी आहे, पर्यटक अडवायला म्हणून नाही.

पण माझं मुख्य म्हणणं पाण्याचं. पर्यटक माणूस शॉवर, फ्लश, स्विमिंग पूल, चादरी धुणं धरून बेटावरच्या माणसाच्या कितीतरी पट पाणी वापरतो, आणि तेही नेमकं डिसेंबर ते एप्रिल, जेव्हा पाऊस नसतो आणि भिंग सगळ्यात पातळ असतं. मालदीवची रिसॉर्ट स्वतःचं पाणी गोडं करतात, डिझेल जाळून, आणि तो खर्च खोलीच्या भाड्यात वसूल करतात. इथे ते करता येईल, अशक्य नाही, पण मग प्लांटचं खारट सांडपाणी कुठे सोडणार, मैला कुठे जाणार, कचरा कोण परत कोचीला नेणार, हे आधी आणि पाया खणणं नंतर. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने बेटांच्या धारणक्षमतेचा, म्हणजे बेटाला किती माणसं आणि किती भार झेपेल याचा, विचार करूनच विकासाचा आराखडा सुचवला होता. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमांच्या मसुद्यावरून बेटांवर घरोघरी उपोषण झालं, त्याच्या मुळाशी भीती जमिनीची होती, की आपली एवढीशी जमीन कोणीतरी 'विकासासाठी' घेईल. बाहेरून ती भीती अवाजवी वाटू शकते. ज्याची आख्खी वाडी तुमच्या-माझ्या सोसायटीच्या पार्किंगएवढी आहे त्याला ती वाटणारच.

मला विचाराल तर पर्यटन हवं, तरुण पोरांना नोकऱ्या हव्यात, पण थोडं, महाग आणि बेटाच्या लोकांच्या हातातलं. घरगुती मुक्काम, डायव्हिंग शिकवणारी स्थानिक मुलं, काठीने पकडलेल्या टुनाला चांगला भाव मिळवून देणारी साखळी, त्यासाठी बर्फाचे कारखाने आणि वेळेवर जहाज. जगात या पद्धतीच्या टुनाला जास्त पैसे देणारे ग्राहक आहेत, मालदीव तो विकतंच. एका काठीवर पकडलेला मासा जर दुप्पट भावाने गेला तर तेवढ्या पैशासाठी वाळूत एकही खांब रोवावा लागत नाही.

आणि तुम्ही जाणारच असाल तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये जा, परमिटचं काम दोन महिने आधी सुरू करा, प्रवाळावर उभं राहू नका, शंख-शिंपले-प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, प्लास्टिक बरोबर परत न्या. पाणी बादलीने घ्या. आणि एखाद्या जुन्या घरी बसायला बोलावलं तर चहा झाल्यावर विहीर बघायला मागा. त्यांना आनंद होतो. काठावर बसून पाण्याच्या रेघेकडे बघत राहा, भरतीची वेळ असेल तर ती वर चढताना दिसेल, आणि घरातलं कोणीतरी नक्की सांगेल की लहानपणी हे पाणी किती गोड होतं.